सुरी घेताना आधी मूठ बघा: चिपळूणच्या एका डबेवालीचा अनुभव

गेल्या ऋषिपंचमीच्या आदल्या संध्याकाळी अळूची देठं सोलताना पांढऱ्या मुठीची सुरी माझ्या हातात मोडली. पातं शाबूत, धार शाबूत, आणि मूठ मात्र मधोमध तडकून तिचा एक ढलपा सोललेल्या देठांत पडला. तळहाताला खडूसारखी पांढरी भुकटी लागली होती. तेवढं सगळं अळू मी टाकून दिलं, कारण त्यात आणखी काय काय पडलंय हे डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं. त्या रात्री घरातल्या सगळ्या सुऱ्या ओट्यावर मांडल्या आणि पात्यांकडे न बघता फक्त मुठी बघितल्या. हे लिहायचं तेव्हाच ठरवलं.

मी चिपळूणला डबे करते. रोजचे ४० ते ४५ डबे, दोन भाज्या, कोशिंबीर, आठवड्यातून दोनदा मासे. मदतीला एक मावशी आहेत. म्हणजे आमच्याकडे एक सुरी दिवसाला जेवढी चालते तेवढी चार माणसांच्या घरात आठवड्यात चालत नसेल. लग्नाआधी केमिस्ट्रीत बी. एस्सी. केलं आणि तीन वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये काम केलं. कुठलं रसायन कुठल्या बाटलीत आणि कुठल्या बुचाखाली ठेवायचं, हे तिथे डोक्यात पक्कं बसलं. स्वयंपाकघरात आल्यावर तेच ज्ञान सुरीच्या मुठीला लावायचं मला इतकी वर्षं सुचलं नाही, याचं वाईट वाटतं. कंपन्यांची नावं मी देत नाही. एकाच प्रकारची मूठ दहा कंपन्या बनवतात, आणि प्रश्न नावाचा नसून मूठ कशाची आहे याचा आहे.

पांढऱ्या मुठीपासून सुरुवात करते. ही पॉलिप्रॉपिलीनची. भांड्यांच्या दुकानात मिळणाऱ्या निम्म्याअधिक साध्या सुऱ्या याच प्लॅस्टिकच्या मुठीच्या असतात. मी पांढरी मुद्दाम घेतली होती, मळ दिसावा आणि लगेच धुतला जावा म्हणून. मळ दिसला, आणि सगळ्यात जास्त दिसली ती हळद. हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे फोडणीचा तेलकट हात मुठीला लागला की रंग प्लॅस्टिकच्या वरच्या थरात मुरतो. साबण लावावा तर पिवळा डाग लालसर होतो. आपल्याकडे हळदीला चुना आणि लिंबू लावून कुंकू करायचे ते याच गुणावर: अल्कली मिळाली की हळद लाल. साबणही अल्कलीच. मावशी सुरुवातीला घाबरून म्हणाल्या होत्या, "वहिनी, साबणानं रक्तासारखं झालं हो." मी त्यांना सांगितलं, धुवून उन्हात ठेवा, जाईल. आणि खरंच गेला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे कपड्यांवरच्या डागांवरून आपल्या सगळ्याजणींना माहीत आहे.

चूक तिथे झाली. वर्षानुवर्षं ती सुरी रोज दुपारी मागच्या पडवीच्या पत्र्यावर वाळत पडायची. डाग जायचा, मी खूश. पण ज्या उन्हानं हळद जात होती त्याच उन्हानं मूठ जात होती. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत एकाआड एक कार्बनला बाजूला एक मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा झुबका, लटकलेला असतो, आणि त्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तिथेच घाव घालतात. साखळी तुटत जाते, वरचा थर भुकटी होतो, त्यात बारीक भेगा पडतात आणि एक दिवस जरा जोर लागला की तुकडा पडतो. कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकची दोरी दोन उन्हाळ्यांत कशी खरखरीत होते आणि तिचे तंतू हाताला टोचतात, ते आठवा. ती दोरी बहुतेक वेळा याच प्लॅस्टिकची असते. माझी मूठ म्हणजे ती दोरीच होती, फक्त जाड. पाचपैकी दीड गुण. तो दीडही लिंबू, कोकम, चिंच, व्हिनेगर, फिनेल, रोजचा साबण यांतलं काहीही तिला शिवलं नाही म्हणून. रसायनांपुढे ही मूठ फार चिवट आहे. तिला मारलं ते उन्हानं, आणि उन्हात ठेवणारी मी होते.

याच दुकानातून याच दिवशी घेतलेली काळ्या मुठीची सुरी आज साडेपाच वर्षांनी रोज वापरात आहे. प्लॅस्टिक तेच, पत्रा तोच, ऊन तेच. फरक काजळीचा. काळा रंग यावा म्हणून प्लॅस्टिकमध्ये जी कार्बनची काजळी घालतात ती अतिनील किरण स्वतःच शोषून घेते, आतल्या साखळ्यांपर्यंत पोचू देत नाही. तिच्या टोकाला थोडा राखाडीपणा आलाय, नखानं खरवडलं तर किंचित पावडर येते, पण मूठ घट्ट आहे. एकदा मावशींनी ती गरम तव्याला टेकवली आणि एका बाजूनं खळगा पडला. उष्णतेपुढे हे प्लॅस्टिक टिकत नाही एवढं लक्षात ठेवायचं. १४० रुपयांना घेतली होती. पाचपैकी साडेचार, आणि कुणी एकच सुरी सांगा म्हटलं तर हीच.

आता पुराबद्दल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चढलं. पाणी ओसरल्यावर प्रत्येक भांड्यात, डब्यात, खणात तो तांबूस, दुर्गंधीचा गाळ. ज्यांनी तो काढलाय त्यांना सांगायला नको. सगळीकडे ब्लीचिंग पावडर वाटली जात होती. मी एका टपात पाणी घेऊन चार मुठी पावडर टाकली आणि घरातल्या सगळ्या सुऱ्या, अडकित्ता, किसणी, सोलाणी त्यात बुडवून ठेवल्या. दहा मिनिटांनी काढायचं ठरलं होतं. पण वीज नव्हती, दिवसभर गाळ उपसून कंबर मोडली होती, आणि टप रात्रभर तसाच राहिला.

सकाळी पहिली बाहेर काढली ती सासऱ्यांची कलमं बांधायची सुरी. म्हशीच्या शिंगाची मूठ, काळी, मधे एक पिवळसर रेघ, अंगठा टेकतो तिथे खोलगट झिजलेली. हापूसची शेकडो कलमं त्यांनी त्या सुरीनं बांधली होती. ते जाऊन सात वर्षं झाली होती, आणि ती सुरी मी फक्त पुसून ठेवायचे. त्या सकाळी मूठ हाताला बुळबुळीत लागली. साबण न धुता राहिल्यासारखी. कापडानं पुसली तर काळं कापडावर आलं, आणि कडेचे थर कांद्याच्या पातीसारखे सुटायला लागले. शिंग म्हणजे केराटिन, आपले केस आणि नखं ज्याची असतात तेच. केराटिनला बळकटी देणारे गंधकाचे बंध क्लोरीनचं ब्लीच तोडतं आणि त्यातली अल्कली उरलेलं फुगवते. मोरीत अडकलेले केस ब्लीचनं विरघळतात, आणि ते मी स्वतः करत आले आहे. तरी शिंगाची मूठ त्याच पाण्यात टाकली. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश क्लोरीन कामाला येण्याजोगा असतो. चार मुठी म्हणजे मी किती जोराचं पाणी केलं होतं, याचा हिशोब लॅबमध्ये मी अर्ध्या मिनिटात केला असता.

आमचे हे काही बोलले नाहीत. मूठ त्यांनी सावलीत, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली. वाळल्यावर ती आक्रसली आणि पात्यापासून सुटली. ती सुरी आता कपाटात आहे. तिला मी गुण देणार नाही. कुणाकडे शिंगाची मूठ असेल तर एवढं ऐका: ब्लीच नको, सोडा नको, भिजत घालणं नको, ऊन नको. ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडी करा, आणि बंद खणात कीड लागत नाही ना हे वर्षातून दोनदा बघा. शिंग खाणारी कीड असते.

त्याच टपातली शिसवी मुठीची सुरी. हिची कहाणी एक वर्ष आधी सुरू झाली होती. नवीन आली तेव्हा तिला चपड्याचं चकचकीत पॉलिश होतं. २०२० मध्ये आम्ही प्रत्येक वस्तूला सॅनिटायझर लावत होतो, सुरीच्या मुठीलाही. चपडा म्हणजे लाख, आणि सुतार तो स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात. सॅनिटायझरमधला अल्कोहोल त्याला पुन्हा विरघळवतो, एवढं साधं आहे. मूठ आधी चिकट झाली, मग पांढुरकी, मग उघडी पडली. अशा उघड्या लाकडात वर्षभरानं ब्लीचचं पाणी शिरलं. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो, आणि क्लोरीन तो काढून टाकतो. कागदाचा लगदा पांढरा करायला कारखान्यांत क्लोरीन वापरत ते याचसाठी. माझी गडद तपकिरी मूठ सकाळी भिजलेल्या पावाच्या रंगाची झाली होती आणि बोटांना लव लागावी तशी मऊ लागत होती. सुटे तंतू वर आले होते.

पण लाकूड माफ करतं. शिंग करत नाही, प्लॅस्टिक करत नाही. ती मूठ मी पंधरा दिवस सावलीत, वाऱ्यावर वाळवली, मग आधी ८० आणि नंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासली. जेमतेम दोरा भर जाडी गेली आणि खालून पुन्हा तपकिरी शिसव निघालं. मग जवसाचं तेल: फडक्यानं पातळ लावायचं, अर्ध्या तासानं उरलेलं पुसायचं, चार दिवस थांबायचं, असे तीन हात. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, लाकडात पापुद्रा धरतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल तसं सुकत नाही, मुठीवर धूळ आणि पीठ धरत बसतं आणि महिन्याभरानं खवट वास येतो. घरात खोबरेल हाताशी असतं म्हणून बहुतेकजण तेच चोळतात, मीही चोळायचे. (जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि बोळे पेटू शकतात. पाण्यात भिजवून मग टाका.) ती सुरी आज चार वर्षं व्यवस्थित चालू आहे. पाचपैकी चार. एक गुण कमी केला तो पितळेच्या खिळ्यांसाठी: कोकम आणि लिंबाचं पाणी खिळ्यांच्या कडेला बसलं की ते कळकतात, हिरवी कड धरतात, आणि ती टूथब्रशनं काढावी लागते. जिच्या मुठीला स्टीलचे खिळे असतील ती घ्या.

बॅकेलाइटच्या मुठीची सुरी टपातून निघाली तेव्हा सगळ्यांत कमी बदलली होती. कुकरच्या दांड्याचं असतं तेच हे. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये शोधलेलं हे प्लॅस्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून तव्याला टेकलं तरी खळगा पडत नाही. ब्लीचनं फक्त चकाकी गेली. तिला खरा त्रास झाला तो माझ्या धुण्याच्या सोड्याचा. तळणाचा चिकटा निघावा म्हणून मी दर रविवारी भांडी कढत सोड्याच्या पाण्यात टाकायचे, आणि ही सुरीही त्यात असायची. अल्कली गरम असली की बॅकेलाइटचा वरचा थर हळूहळू खाते. मग आत भर म्हणून घातलेला लाकडाचा भुसा उघडा पडतो, मूठ तपकिरी, खरखरीत होते आणि तो भुसा पाणी पितो. आता ती मूठ भिंगातून बघितली की सनमायकाच्या तुटलेल्या कडेसारखी दिसते. त्यात एक वाईट गुण: पडली की फुटते, वाकत नाही. पाचपैकी तीन. सोडा टाळलात तर साडेतीन.

आता ज्या एका सुरीवर माझा राग आहे ती. ऑनलाइन ४९९ रुपयांना घेतली, मुठीवर रबरासारखा मऊ थर, हातातून निसटत नाही अशी जाहिरात. पहिले सहा महिने खरंच निसटली नाही. मग मूठ चिकट व्हायला लागली. धुतली तरी चिकट, फणसाचा चीक हाताला राहावा तशी. पीठ, कोथिंबिरीची पानं, केस, सगळं तिला चिकटायचं. मावशींनी ती हातात घेणंच सोडलं. असे मऊ थर पुष्कळदा पॉलियुरेथेनचे असतात, आणि दमट हवेत पाण्याची वाफच त्यांच्या साखळ्या तोडते. त्यात भर हाताच्या आणि फोडणीच्या तेलाची. चिपळूणच्या हवेत, जिथे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मीठ ओलं असतं, तिथे अशी मूठ विकणं बरोबर नाही. मी विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की मुदत संपली. शेवटी सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्यानं घासून घासून तो थर मी पूर्ण काढला. खालून कडक काळं प्लॅस्टिक निघालं, आणि तेच पहिल्यापासून दिलं असतं तर सुरी चांगली होती. पाचपैकी अर्धा. दुकानात मूठ बोटानं दाबून बघा. मखमलीसारखी लागली तर परत ठेवा.

एक छोटी गोष्ट, प्रवासातल्या घडीच्या चाकूची. धाकटीनं नेलपॉलिश काढल्यावर त्याच ओल्या बोटांनी तो लाल चकचकीत मुठीचा चाकू उचलला आणि तिच्या बोटाचा ठसा त्यावर कायमचा उमटला. त्या लाल मुठी सेल्युलोजपासून केलेल्या प्लॅस्टिकच्या असतात आणि ॲसिटोन त्यांना विरघळवतो. डासांसाठीच्या ज्या क्रीममध्ये डीट असतं, तेही तसंच. अशा चाकूला हात लावण्याआधी हात धुवा, एवढंच.

मोडलेल्या पांढऱ्या सुरीचं पातं मी टाकलं नव्हतं. मुठीच्या आत शिरलेली त्याची शेपूट बोटभर लांब निघाली, म्हणजे नवी मूठ बसण्याइतकी. दिवाळीच्या आधी रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची दोन पालं पडली होती. घरधनी भट्टीशी, बाई समोर उभी राहून घण घालतेय. कोयते, विळे, खुरपी मांडलेली. मी पातं दाखवलं. त्यांनी बाभळीचं एक तयार खुंट घेतलं, शेपूट भट्टीत लाल केली आणि लाकडात सरळ खुपसली. धूर आला, जळक्या बाभळीचा गोडसर वास आला, आणि शेपटीनं स्वतःच्या मापाचं भोक जाळून घेतलं. ड्रिलच्या भोकात अशी गच्च बसत नाही. मग बाहेर काढून विचारलं, "ताई, लाख भरू का ते दोन नळ्यांचं भरू?"

मी म्हटलं, दोन नळ्यांचं, म्हणजे ते एपॉक्सी, गरम पाण्यात टिकेल ना?

"टिकंल. पण मूठ गेली की फोडूनच काढावी लागंल. लाख हाय तर निखाऱ्यावर धरली की सुटती."

मी लाख सांगितली. म्हणजे ही सुरी कढत पाण्यात घालायची नाही, हे मी कबूल केलं. मूठ आणि ती बसवणं मिळून ८० रुपये घेतले, धार वेगळी लावून दिली.

पहिल्याच आठवड्यात कैरीचं आयतं काम आलं, अवेळी धरलेल्या कैऱ्या, आणि पात्याजवळ मूठ निळसर काळी पडली. मावशींना वाटलं कुजली. कुजली नव्हती. बाभळीत भरपूर टॅनिन असतं, तिच्या सालीनं कातडं कमावतात, आणि आंबटानं सुटलेलं लोखंड टॅनिनला मिळालं की जुन्या शाईचा काळा रंग होतो. लिंबाची अर्धी फोड चोळली, धुतली, पुसली, बराचसा उतरला. जवसाचे तीन हात दिल्यावर पुन्हा तसा पडलेला नाही.

ही बाभळीची मूठ अजून नवी आहे, म्हणून गुण देत नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर लिहीन. सध्या ती काळ्या सुरीच्या शेजारी, दाराच्या मागच्या खिळ्याला टांगलेली असते. पडवीच्या पत्र्यावर आता फक्त पापड असतात.